काजवगडाच्या राणीचा लिलाव

पुस्तक लिहायला मला चार वर्षं लागली. पुस्तकाचे किस्से साठायला मात्र चार महिने पुरले! आता कुणी घरी आलं की चहा उकळेपर्यंत एक किस्सा सांगून होतो, आणि चहा पिऊन होईपर्यंत समोरचा त्यात स्वतःचा एक घालून जातो. हरवायच्या आत लिहून ठेवावेत म्हटलं.

मी रूथ. शेवगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझी कादंबरी 'काजवगडाची राणी'. दिवे विकणारी एक मुलगी आणि अंधार पडल्यावरच माणूस होणारा काजव्यांचा राजा, यांची प्रेमकहाणी. विज्ञानाच्या बाईनं असलं काही लिहावं याचं शाळेत सगळ्यांना नवल वाटलं. चर्चमध्ये कुणालाच वाटलं नाही. तिथं सगळे मला लहानपणापासून ओळखतात.

आमचं चर्च लहान, आजोबा-पणजोबांपासूनचं. माझ्या पुस्तकाची जाहिरात कुणी केली असेल तर ती या चर्चच्या माणसांनी. म्हणजे आमच्या मंडळीनं.

*

पहिला मान सेक्रेटरी शांतवनकाकांचा. रविवारची उपासना संपली की तेच सूचना वाचतात. गेली कित्येक वर्षं प्रार्थना वाचून वाचून त्यांच्या आवाजाला असं वळण लागलंय की प्रत्येक वाक्य शेवटी हळूच खाली उतरतं. मग ते काहीही वाचोत!

पुस्तक आलं त्या रविवारी काकांनी कागद काढला. "बुधवारची प्रार्थनासभा राहेलबाईंच्या घरी हाय. घंटेचा दोर बदलून झाला हाय. आन् आपल्या सरांच्या रूथनं कादंबरी लिहिलीय, तिच्यात एका पोरीचं काजव्यांच्या राजाशी जमतं."

आवाज खाली उतरला. आणि सगळी मंडळी एकमुखानं म्हणाली, "आमेन!"

माझ्या पुस्तकावरचा हा पहिला अभिप्राय. यापेक्षा चांगला पुढं मिळायचा होता, पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

*

'सरांच्या रूथनं' म्हणाले ना, ते सर म्हणजे माझे पप्पा. निवृत्त हेडमास्तर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अक्षर त्यांनी शिकवलं, वाक्य त्यांनी शिकवलं, आणि लाल पेनाची भीतीसुद्धा त्यांनीच शिकवली.

पहिली प्रत मी त्यांच्या हातात दिली. मुखपृष्ठावर राणी आणि राजा, जरा जवळजवळच उभे आहेत. पप्पांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"छपाई चांगली आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, शाळेच्या वहीला घालतात तसं, आणि ते कपाटावर ठेवून दिलं. राणी झाकली, राजा झाकला. मी विचारलं, "वाचणार ना?"

"माझं वाचायचं वय गेलं," म्हणाले, आणि पेपर उघडला!

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? चारशे माणसांनी वाचलं असतं तरी त्या एका माणसानं वाचलं नाही हे टोचत राहिलं असतं. वर जो भेटेल तो विचारायचा, "सरांनी वाचलं का? काय म्हणले?" मी म्हणायचे, "वाचतायत." शिक्षिकेनं खोटं बोलू नये, पण किती जणांना खरं सांगणार?

*

शांतवनकाका भाजीचा टेम्पो चालवतात. त्यांनी आपण होऊन पुस्तकांचे दोन गठ्ठे टेम्पोत टाकले आणि मला बाजारात नेऊन बसवलं. एका बाजूला वांगी, एका बाजूला मेथी, मधे मी.

लोक यायचे, पुस्तक उचलायचे, हातात तोलून बघायचे, उलटं करून मागची बाजू बघायचे. वांगं बघतात अगदी तसंच. दाबूनही बघितलं एकानं!

एक आजीबाई मेथीची जुडी निवडता निवडता थांबल्या. म्हणाल्या, "काय गोष्ट हाय गं ह्याच्यात?"

मी मनापासून सांगितली. काजव्यांचा राजा कसा फक्त अंधारात माणूस होतो, आणि उजाडलं की कसा कुणाच्याच हाती लागत नाही.

"म्हंजे दिसभर घरात कामाला न्हाई?"

"नाही."

"आन् अंधार पडला की हजर?"

"हो."

आजीबाईंनी जुडी पिशवीत टाकली. "आगं, त्याच्याबरोबर माझी पन्नास वर्सं झाली. मला काय वाचायला देतीस!"

पण पुस्तक घेऊन गेल्या. नातसुनेला देते म्हणाल्या, "आधीच सावध झालेली बरी!"

*

भंडारदऱ्याला एका पर्यटन केंद्रावर दुपारी वाचन ठेवलं होतं. वाचन झालं, पाच माणसं आली, त्यातली दोन जेवणाची वाट बघत होती. बाहेर हिराबाईंची चहाची टपरी. त्या दारातूनच ऐकत होत्या. चहा देताना म्हणाल्या, "बाई, गोष्ट झ्याक हाय. पर तुमी काजवं आंब्यावर बसिवल्यात."

"मग?"

"आमच्याकडं हिरड्यावर बसत्यात, सादड्यावर बसत्यात. आंब्यावर कशापायी जातील? तुमी येऊन बघितलं न्हाई वाटतं कधी."

विज्ञानाच्या बाईची भर टपरीवर परीक्षा झाली आणि बाई नापास झाल्या. चार वर्षं लिहीत होते, पण एकदा इकडं येऊन बघायचं सुचलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं. चूक मोठ्या प्रेमानं दाखवली होती त्यांनी, चहाचे पैसेही घेतले नाहीत.

दोन महिन्यांनी शाळेच्या सहलीबरोबर पुन्हा गेले. टपरीसमोरच्या हिरड्याजवळ पर्यटकांची ही गर्दी! हिराबाई हात उंचावून सांगत होत्या, "ह्याच झाडाखाली राणी बसली हुती. राजा त्या फांदीवरून उतारला. पुस्तकात हाय सगळं, हितं मिळंल!"

माझा ऊर भरून आला. मी झाडाजवळ जाऊन बुंध्यावर हात ठेवला. तेवढ्यात मोबाईल धरलेले एक गृहस्थ ओरडले, "ओ मॅडम, जरा बाजूला व्हा ना! राणीच्या जागेचा फोटो घेतोय!"

मी बाजूला झाले. लेखकानं व्हायचंच असतं.

*

आमच्या महिला मंडळात शास्त्रवाचनाची एक पद्धत आहे. गोल बसायचं आणि आळीपाळीनं एकेक वचन वाचायचं. त्यांनी माझी कादंबरीही तशीच वाचायला घेतली, एकेकीनं एकेक परिच्छेद.

दहाव्या प्रकरणात राणी आणि राजाचं चुंबन आहे. ही बातमी आधीच फुटली होती. त्या दिवशी सगळ्या जणी बोट ठेवून पुढचे परिच्छेद मोजत बसल्या. तो परिच्छेद कुणाच्या वाट्याला येतो? येत होता मंडळीत नव्यानंच लग्न होऊन आलेल्या एका सूनबाईंच्या. ती बिचारी घामाघूम.

राहेलमावशी मंडळात सगळ्यात वडील, ऐंशीच्या घरात. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि म्हणाल्या, "पोरी, तू हितं माझ्या जागंवर ये. तुला पंख्याचं वारं लागंल."

"पण मावशी, माझा नंबर..."

"म्हणूनच तर! मी चष्मा नवा केलाय, वाया जाया नको."

आणि त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा का, तर म्हणे पलीकडच्यांना ऐकू गेलं नसेल!

*

आणि आता कापणीच्या सणाचं सांगते.

आमच्याकडं सुगी झाली की घरोघरचं पहिलं फळ चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवतात. बाजरी, भोपळे, ऊस, अंडी, एखादी कोंबडी. उपासनेनंतर त्याचा तिथंच लिलाव होतो. बोली पुकारतात शांतवनकाका. लिलावाचे दोन नियम पप्पांनी फार पूर्वी घालून दिलेत. एक, माल उघडून सगळ्यांना दाखवायचा. दोन, वेदीपुढं ठेवलेलं कुणी परत मागायचं नाही.

सणाच्या सकाळी राहेलमावशी दारातच भेटल्या. "रूथ, तुझं काय पीक औंदा? पुस्तक ना? मग ते कुठाय?"

खरंच की! पण माझ्याकडच्या प्रती संपल्या होत्या, नवा गठ्ठा यायचा होता. पप्पा मांडामांड करायला कधीच पुढं गेले होते. मी घरी पळत गेले. कपाटावर ते खाकी कव्हरातलं पुस्तक तसंच होतं. म्हटलं, न वाचलेलं पडून राहण्यापेक्षा देवाच्या कामी येईल. जरा रागातच उचललं, आणि नेऊन भोपळ्याशेजारी ठेवलं.

कोंबडी गेली, भोपळा गेला. काकांनी पुस्तक उचललं. "आता सरांच्या रूथचं पहिलं फळ!" नियमाप्रमाणे त्यांनी खाकी कव्हर काढलं आणि माल दाखवायला पुस्तक मधोमध उघडलं.

पान लाल होतं. काकांनी पुढचं उलटलं, तेही लाल. पहिलं, शेवटचं, सगळी लाल शाईनं भरलेली!

मागच्या बाकावरून पप्पा ताडकन उठले. "शांतवन, ती प्रत लिलावाची नाही. परत दे."

"सर, वेदीपुढचं परत मागायचं न्हाई. नियम तुमचाच हाय."

पप्पांचा चेहरा वर्गात पकडलेल्या मुलासारखा झाला. मग घसा साफ करून त्यांनी स्वतःच्याच पुस्तकावर बोली लावली. लगेच राहेलमावशींनी त्यावर चढवली! पप्पांनी वाढवली, मावशींनी वाढवली.

"मावशी, तुमच्याकडं आहे की पुस्तक!" मी म्हटलं.

"त्यात सरांचं लाल कुठाय?" मावशी म्हणाल्या. "शांतवन, माल नीट दाखव. वाच काय लिवलंय ते!"

काकांनी चष्मा सारखा केला. "पान बारा. वाक्य लांबले. पान चाळीस. राजाचे हे वागणे बरे नव्हे. पान साठ. येथे रूथची आई आठवली."

मला समोरचं नीट दिसेना.

काकांनी दहावं प्रकरण शोधलं. चुंबनाचं पान. "शुद्धलेखन ठीक."

हशा असा उसळला की मघाशी विकलेली कोंबडी पिशवीतून ओरडायला लागली. पप्पा खाली बघत होते, कान लाल झाले होते.

मग काकांनी शेवटचं पान उघडलं. खाली पप्पांची सही होती. सहीच्या वर जे होतं ते काकांनी आपल्या नेहमीच्या आवाजात वाचलं.

"शेवट घाईने उरकला आहे. राणीचे पुढे काय झाले? माझे वय पाहता दुसरा भाग लवकर लिहिणे."

आवाज हळूच खाली उतरला. आणि सगळी मंडळी एकमुखानं म्हणाली, "आमेन!"