उजेडात येऊन बोलायचं

नकाशेसर फळ्यावर नकाशा काढताना फळ्याकडे बघायचेच नाहीत. डोळे वर्गावर, हात मागे, आणि खडू आपला चाललाय किनाऱ्याकिनाऱ्याने. नदी उगमापासून मुखापर्यंत बरोब्बर उतरायची. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं आडनाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. मुलांना ती जादू वाटायची. जादू कसली आलीय! सरांना ऐकू येत नव्हतं. पाठ फिरवली की वर्गात कोण काय बोललं ते कळायचं नाही, म्हणून त्यांनी पाठ फिरवायचीच सोडून दिली होती.

ऐन तारुण्यात ताप आला आणि जाताना उजवा कान घेऊन गेला. डावा मग हळूहळू अधू होत गेला. ही गोष्ट सरांनी जिवापाड लपवली, कारण पहिल्याच नोकरीत त्यांनी तिथल्या चित्रकलेच्या सरांचं काय झालं ते पाहिलं होतं. त्यांची नजर कमी झाली, तसं त्यांना वर्गातून उचलून सामानाच्या खोलीत बसवलं, मोडक्या खुर्च्यांच्या राशीत. मधल्या सुट्टीत तो माणूस दाराशी उभा राहून मुलांचा दंगा ऐकत असायचा. सरांनी तेव्हाच ठरवलं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. वर्गच गेला तर आपल्यात उरलं काय?

घरी बायकोला माहीत होतंच. ती इतक्या मोठ्याने बोलायची की आज यांच्याकडे कुठली भाजी शिजतेय ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

"अहो, कान दाखवून घ्या की! हल्ली एवढंसं यंत्र मिळतं."

"आणि शाळेत काय सांगू? कानात भोपळा उगवलाय म्हणून?"

"तुमचं दुखणं कानाचं नाहीच, नाकाचं आहे!" असं म्हणून ती भांडी आपटायची, निदान ती तरी ऐकू जावीत म्हणून.

शाळेत कुणाला पत्ता नाही, असा सरांचा समज होता. शिक्षकांना खरोखरच नव्हता. हाक मारली तरी ओ देत नाही, म्हणून ते सरांना शिष्ट समजायचे. पण मुलं? मुलांपासून काय लपतंय! त्यांना फार पूर्वीच सगळं कळलं होतं आणि त्यांनी त्यावर आपली एक रीत बसवली होती. सरांशी बोलायचं तर उभं राहायचं. बाकाबाहेर, खिडकीच्या उजेडात यायचं. तोंडावर हात न धरता, घाई न करता बोलायचं. नवी पाचवी आली की सहावीची मुलं त्यांना पाण्याच्या नळाशी गाठून हे पढवायची आणि वर दमही द्यायची, "सरांना कळता कामा नये. कळलं तर याद राखा!" एकदा कुणीतरी फिदीफिदी हसलं, तर सगळ्या वर्गाने त्याच्याशी कट्टी घेतली. शेवटी बिचारा रडकुंडीला आला, तेव्हा कुठे बट्टी झाली.

सर मात्र समजायचे, ही आपलीच शिस्त. निरीक्षक येऊन 'मुलं किती धीटपणे बोलतात' असं कौतुक करून गेले, तर सर आठवडाभर छाती काढून हिंडत होते. बोलायचेही भरपूर. आपण बोलत राहिलं की ऐकायची वेळ येत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं. पण काय बोलायचे! वारे कुठून सुटतात ते सांगताना अख्खं अंग वळवायचे, भूकंप सांगताना टेबल गदागदा हलवायचे. दुपारचं तिरकं ऊन बाकांवर यायचं, खडूची भुकटी त्यात तरंगायची, आणि वर केलेले चेहरे ओळीने सरांकडे बघत असायचे. असे तास आता कुठे व्हायचे! ते ज्यांना मिळाले त्यांना मिळाले.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. वयाने सरांच्या लेकीएवढ्या, हुशार, झपाटल्यासारख्या काम करणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या हो, उगाच खोटं का बोला. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. जगाची माहिती आता मुलांच्या हातातल्या फोनमध्ये येऊन बसलीय. मग एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, हे किती दिवस चालणार? मुलांनी स्वतः शोधावं, एकमेकांना विचारावं, दूरदूरच्या शाळांशी बोलावं. सुट्टीत दोन वर्गांमधली भिंत पडली. बाकं गेली, गोल टेबलं आली. फळ्याच्या जागी भलीमोठी स्क्रीन लागली आणि ती नीट दिसावी म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले.

शिक्षकांच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "यापुढे शिक्षकाने कमी बोलायचं आणि जास्त ऐकायचं."

सरांनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. जास्त ऐकायचं!

पहिल्या दिवसापासून हाल सुरू झाले. गोल टेबलांमुळे अर्ध्या मुलांच्या नुसत्या पाठी दिसायच्या. सगळी एकदम बोलायची. मुलं तरी काय करणार? उजेडात यायचं म्हटलं तर आता वर्गात उजेडच नव्हता. सर उगाच हसत, मान डोलावत या टेबलावरून त्या टेबलाकडे फिरायचे आणि त्यांचा हात सवयीने मागे खडू शोधायचा. एका संध्याकाळी घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"या महिन्यानंतर पुरे. बाईंना सांगून टाकतो. त्यांनी काढण्याआधी आपणच निघालेलं बरं."

बायकोने त्या दिवशी भांडी आपटली नाहीत. शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्याच आठवड्यात जोडवर्ग आला. दूरच्या, समुद्रकाठच्या एका शाळेतली मुलं स्क्रीनवर, इकडे सरांची सहावी, आणि बाई मागे हाताची घडी घालून उभ्या. विषय भरती-ओहोटीचा. सरांनी चंद्र आणला, पृथ्वी फिरवली, दोन्ही हातांनी पाणी वर खेचलं. जुनं सगळं अंगात आलं. पलीकडची मुलंसुद्धा हरखून बघत होती. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका मुलाने बसल्या जागेवरून काहीतरी विचारलं. चेहरा सावलीत आणि हनुवटी तळहातावर टेकवलेली, बोटं ओठांवर.

सरांनी ठेवणीतला डाव टाकला. "वा, काय छान प्रश्न विचारलास! कोण सांगेल बरं याचं उत्तर?"

हा डाव आजवर कधी फसला नव्हता. आज एकही हात वर होईना. पलीकडे हसू फुटलं. बाईंच्या कपाळावर आठी आली. सरांना वाटलं, संपलं, आता संपलं सगळं.

त्या वर्गात ठसका नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. तिखट जिभेची, कुणाचं म्हणून ऐकून घ्यायची नाही. ती उठली, तरातरा गेली, एका खिडकीचा पडदा खसकन ओढला आणि उजेडात सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, तो विचारतोय, तुम्ही स्वतः समुद्र पाहिलाय का?"

आणि स्क्रीनकडे वळून तिने त्या मुलाला झाडलंच. "ए, आमच्या सरांशी बोलताना उभं राहायचं! तोंडावरचा हात काढ आधी. आणि उजेडात ये. एवढंही कळत नाही?"

तिची मान वळली होती तरी सरांना ओठांची कड दिसत होती. त्यांनी शब्द न् शब्द वाचला.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

ठसकाने जीभ चावली. आता काय, सुटलेलं सुटलं होतं. "ताईने, सर. तिला तिच्या वरच्या वर्गाने. सगळ्यांनाच शिकवतात. तुम्हाला सांगायचं नसतं."

सर टेबलाला धरून उभे राहिले. म्हणजे ते सगळे चेहरे! एवढ्या वर्षांची ती पोरं, कुणी आता आईबाप झालेली, सगळी उठून उजेडात येत होती ती धाकाने नव्हे. आपण समजत होतो, आपण त्यांना सांभाळतोय. सरांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मग ते स्क्रीनकडे वळले. घराबाहेर जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी भर वर्गात सांगितलं. "मुलांनो, मला ऐकू येत नाही. फार वर्षं झाली. मी ओठ बघून समजून घेतो. म्हणून ही म्हणते तसं बोला."

मागून बाई निघाल्या. बाई त्या उघड्या खिडकीपाशी आल्या, सरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "सर, टेबलं उद्या फिरवून घेऊ. तास चालू द्या."

पलीकडे तो मुलगा उभा राहिला होता. तो दिव्याखाली आला. "सर, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

"नाही रे बाळा," सर म्हणाले. "जन्मभर शिकवला. पाहिला कधीच नाही."

मुलाने कॅमेरा उचलला आणि खिडकीशी नेला. छपरांच्या पलीकडे एक करडी पट्टी हलत होती. सर स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. कॅमेरा पुन्हा मुलाकडे वळला.

"आवाज आला का, सर?"

"नाही आला. कसा असतो, सांग ना मला."

मुलाने जरा विचार केला, शर्ट खाली ओढला आणि हळूहळू सांगायला लागला.