प्रगतीचा डावा कोपरा

आमचे हे दौंडच्या एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवायचे. नाव इंद्रजीत, पण सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही घरात सरच म्हणते. रुजू झाले तेव्हा कॉलेजच्या मागे नुसता मुरमाचा माळ होता. सरांनी तो रोलर फिरवून सारखा केला, रेल्वेतल्या ओळखीच्या वेल्डरकडून रिंगा करून घेतल्या आणि फक्कीने रेघा मारल्या. मुलींची टीम काढायची ठरली तेव्हा एका पालकाने तोंडावर विचारलं, "सर, पोरी काय चड्डीवर पळवनार व्हय?" सर म्हणाले, "सलवारीवर पळवतो, पण पाठवा." सुरुवातीला मुली खरोखरच सलवार घालून, ओढणी कमरेला बांधून खेळल्या.

त्यांच्यात भांडगावची प्रगती होती. मेंढपाळाचं घर, आता शेतीत स्थिरावलेलं. वडील मल्हारीआबा तिला सकाळी एसटीत बसवून द्यायचे. ही पोरगी रिंगच्या डाव्या हाताला, अगदी कोपऱ्यात उभी राहायची आणि तिथून बॉल टाकायची. तो सहसा चुकत नसे. चौऱ्याण्णव साली उसाला पाणी धरताना तिला साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला आम्ही दोघं नदीवर गेलो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले, खाली मात्र एकही उतरेना. तिची आई अनसाबाई म्हणाली, "धाकटीला शिकवीन गं." आबा म्हणाले, "खंडोबाचं जागरन घालतो." ऊन चढत चाललं. मग भावकीतला एक म्हातारा सरांकडे वळून म्हणाला, "सर, तुमी बोला. पोरीचा जीव त्या बॉलात हुता."

सर असल्या गोष्टींत पडणारे नव्हते. तरी पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "प्रगती, तुझा कोपरा मी कुणाला देणार नाही."

शब्द तोंडातून पडला आणि कावळा पिंडावर येऊन बसला.

परतताना अनसाबाई सरांच्या जवळ आली. म्हणाली, "सर, वरीसभर म्हनायचं आसतं. आमच्यात मुदत घालून बोलत्यात. तुमी मोकळंच बोललात." सरांनी मान हलवली. त्या वेळी त्यातलं काही कळलं नाही, त्यांनाही आणि मलाही.

सरांनी शब्द पाळला. कुणीही डाव्या कोपऱ्यात जायचं नाही, असं मुलींना सांगितलं. शिरूरला सामना होता. तिथले हौशीराम सर तोंडाचे फटकळ. म्हणाले, "काय इंद्रजीतराव, कोपऱ्याला सुतक पडलंय का?" सर हसले नाहीत. खेळ सुरू झाला आणि शिरूरची एक मुलगी त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. कुणाला तरी अडवावं तशी. तिथून हलेचना. हौशीराम सर ओरडले, "आगं, कुणाला धरून उभी हायेस? तिथं काळं कुत्रं न्हाई." खेळ संपल्यावर ती मुलगी रडत म्हणाली, "सर, ती होती ना तिथं." आम्ही जिंकलो होतो.

नंतर हे होतच राहिलं. समोरची एक मुलगी त्या कोपऱ्याला अडकायची आणि आमच्या मुली बाकीच्यांना भारी पडायच्या. सरांचं नाव झालं, पेपरात फोटो आले. पण घरी ते करंडकाकडे बघत नसत. एकदा जेवताना म्हणाले, "नव्या मुलींना मी कोपऱ्याचं सांगायचं सोडलंय. सांगावं लागतच नाही. त्या आपोआप टाळतात." मी तेव्हापासून दर गुरुवारी दत्ताला जाताना त्या कोपऱ्यात एक फूल ठेवायला लागले.

दोन हजार तीन साली आमची लेक अनुपमा त्याच कॉलेजात गेली. तिचा हात नेमका डाव्या कोपऱ्यातून बसायचा. विद्यापीठाच्या टीमची निवड शिरूरच्या फायनलमध्ये होणार होती.

"पप्पा, तिथून नाही टाकला तर मला घेणार कोण?"

"दुसरीकडून टाक. दुसरी कुणी असती तरी हेच सांगितलं असतं."

"दुसरी कुणी तुमच्या ताटाशेजारी जेवत नाही," ती म्हणाली आणि उठून गेली.

मला एकच भीती होती. शब्द मोडला तर भोग मोडणारीच्या वाट्याला येणार, आणि मोडणारी माझ्या पोटची.

फायनलला मी जपाची माळ घेऊन बसले होते. शेवटी एका गुणाने आम्ही मागे. बॉल अनुपमाकडे आला, चहूकडून वाट अडली आणि ती कोपऱ्यात शिरली. सर उठले. थांबवायला वर केलेला त्यांचा हात तसाच राहिला. बॉल रिंगमधून खाली आला. सगळे नाचत होते, आणि अनुपमा शेजारी कुणी असावं तशी मान वळवून उभी होती.

जीपमध्ये ती म्हणाली, "मी गेले तेव्हा ती बाजूला सरली, पप्पा. पण बॉल टाकल्याचं मला आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टर बदलले, रक्त तपासलं, काही सापडेना. पोरगी डोळे उघडून माझ्याकडे बघायची, पण मला ओळखत नव्हती. एका सकाळी सर एकटेच मैदानावर गेले. तिथून सरळ प्राचार्यांकडे गेले आणि खेळाचं काम सोडलं, ऑफिसात बसायला द्या म्हणाले. घरी आले तेव्हा अनुपमा उठून बसली होती आणि भात मागत होती.

"काय बोललात तिथं?" मी विचारलं.

"म्हटलं, तुझा कोपरा गेला, चूक माझी. पोरीला सोड, माझी जागा घे. या खेपेला मुदत मुद्दाम घातली नाही."

अनुपमाची निवड झाली, ती खेळायला गेली. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं संध्याकाळी मैदानाच्या कडेने चाललो होतो. खेळाचे नवे शिक्षक अजून यायचे होते. मुली पायऱ्यांवर बसून शेंगा खात हसत होत्या. अचानक सगळ्या गप्प झाल्या. रिंगच्या खांबाजवळ, जिथे सर उभे राहायचे, तिकडे सगळ्यांनी एकदम बघितलं आणि धावत जाऊन दोन रांगांत उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली नव्हती. खांबाजवळ कुणी नव्हतं.

सर तारेच्या कुंपणाला धरून बघत राहिले.

"बरं शिकवते," ते म्हणाले.