पांढऱ्या बापाचं डुक्कर

हडसन तारीचं बूड एका जागी टिकत नसे. सकाळी उठला की तो आधी खुंट्याला बांधलेल्या डुकराकडे जाई, अंगठ्यानं त्याचा ओठ वर सारून सुळा किती वळला ते बघे. चहा पिऊन झाला की पुन्हा तेच.

"सुळा आहे तो, भोपळ्याचा वेल नव्हे," बायको लोलिन म्हणे.

पेंटेकॉस्ट बेटाच्या उत्तर भागात माणसाचा मान सुळ्यावरून ठरतो. कोवळ्या नराचे वरचे सुळे पाडतात. मग खालच्यांना अडवणारं काही उरत नाही. ते वाढतात, वळतात आणि सहासात वर्षांनी जबड्यापाशी येऊन कडं पुरं करतात. असा नर दिल्याशिवाय वरची पायरी मिळत नाही आणि नवं नावही मिळत नाही. हडसनला ती पायरी यंदा कोनफळं निघाली की चढायची होती. नाव देणार होते त्याचे मामा, पॅटेसन. मामांना आता नाकामालच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकघराच्या, उंबऱ्यावरून आत न्यायलाही दोघं लागत.

काही वर्षांपूर्वी सान्तो बेटावरून बोटीनं मोठा पांढरा नर आला, तेव्हा आपली काळी डुकरीण त्याला सगळ्यांत आधी दाखवली ती हडसननं. पिल्लं भराभर वाढली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आले. सगळी मांसाला गेली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण हडसननं त्यांतला सगळ्यांत थोराड नर निवडला आणि त्याचे वरचे सुळे पाडले.

"भाचेबुवा, हे तर नुसतं पोट आहे," मामा म्हणाले होते. "पाय फुटलेलं."

"मोठ्या डुकराला सुळाही मोठाच येणार ना, मामा?"



उत्तर डुकरानं दिलं. सुळ्याच्या नराला खायला मऊच द्यावं लागतं, आणि काळी जात शिजवलेल्या अळकुड्या खाऊन सावलीत पडून राहते. याचं त्यात भागत नसे. उन्हानं कातडी सोलवटायची म्हणून हडसननं छप्पर घातलं. भुकेनं ते खुंटा कुरतडायचं म्हणून त्यानं खुंट्याला काथ्या गुंडाळला. वादळात मळे झोपले, तेव्हा गावची मोकळी काळी डुकरं रानात शिरली आणि नुसती हाडं उरून का होईना, परत आली. हे मात्र घरातल्यांच्या वाट्याचं खाऊन जगलं.

परसात दुसऱ्या टोकाला लोलिनच्या भावाचा काळा नर होता, तिनं वाढवलेला. अंगानं याच्या निम्मा, पण त्याचं कडं गेल्याच वर्षी पुरं झालं होतं. हडसन तिकडून जाताना मान वळवत नसे.

काढणी तोंडावर आली आणि एका सकाळी डुकरानं काथ्या खाऊन संपवला, खुंटा उपटला आणि कुंपणाचा दगड चावला. सुळ्याचं टोक चिखलात पडलेलं हडसनला सापडलं.

तो ते घेऊन लोलिनपुढे उभा राहिला. "तुझा काळा..."

"माझा नाही, भावाचा आहे."

"बदल्यात हे देतो. दुप्पट भरेल."

"माझा भाऊ खाटीक नाही," लोलिन म्हणाली आणि अळकुड्या सोलत राहिली.

हडसन तुकडा घेऊन मामांच्या ओसरीवर गेला. मामांनी तो तळहातावर फिरवून पाहिला. "मांस चांगलं निघेल," ते म्हणाले.

"आणि माझं नाव?"

"आहे माझ्यापाशी. ते कुरतडायला तुझं डुक्कर इथवर आलेलं नाही अजून."

हडसन हसला नाही. तो ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.

"खाली बस. नाहीतर निदान त्या झाडाखाली तरी जा. आमची काळी व्याली आहे. एक घे."

ओसरीला लागूनच असलेल्या विलायती फणसाखाली पिल्लं आईला लुचत होती. हडसनचा हात आपसूक सगळ्यांत मोठ्याकडे गेला. मामांची काठी बसल्या जागेवरूनच त्याच्या मनगटावर बसली.

"तो नव्हे."

दुसरा एक पिऊन बाजूला झाला होता आणि पानांवर स्वस्थ पडला होता. हडसननं तो उचलला.

"याचं कडं होईपर्यंत मामा, तुम्ही..."

"मी बसलोय. मला कुठं जायचंय?" मामा म्हणाले. "तुझंच काय ते बघ."

पिल्लू झावळीच्या टोपलीत घालून हडसन निघाला. वळणापर्यंत पोचायच्या आत त्यानं टोपली दोनदा खाली ठेवली आणि अंगठ्यानं पिल्लाचा ओठ वर करून पाहिला.