सगळे बदल नाकारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, म्हणजे सांगताना मला मध्ये थांबावं लागणार नाही!

आमचे हे चंद्रपूरच्या वीज केंद्रात नोकरीला. दोन वर्षं झाली. इकडे नाशिकरोडला मी, मुलगी मुग्धा आणि सासूबाई. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या गच्चीतून दिसतात. तिथे बदली मिळाली तर माणूस रोज घरी जेवेल! त्यांचे साहेब म्हणाले, "घरच्यांचाही अर्ज जोडा, बघू."

मी कॉम्प्युटरवर बसले आणि मनातलं सगळं लिहून काढलं. करमत नाही. संध्याकाळी फाटक वाजलं की मान आपोआप वर होते. चहा अजून दोघांच्या मापाने टाकते आणि दोन्ही कप मीच पिते.

मुग्धा वाचून किंचाळली, "आई! हा अर्ज आहे की लव्हलेटर? ठोस कारण दे काहीतरी!"

तिने माझं सगळं खोडलं आणि लिहिलं, 'सासूबाईंचे गुडघे निकामी झाले असून त्यांना उठवण्या-बसवण्यास घरात पुरुष माणूस नाही.' खोडलेल्या मजकुरावर लाल रेघा दिसत होत्या, त्या तिने लपवल्या. अर्ज कसा स्वच्छ! दिला मी पाठवून.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. "ताई, तुमचं खोडलेलं सगळं इथे दिसतंय हो! लपवलं म्हणजे पुसलं जात नाही. साफ करून परत पाठवा ना."

म्हणजे ते चहाचं...? मला दरदरून घाम! मुग्धा कॉलेजात. बाईंनी सांगितलं तिथे गेले, तर लाल रेघा परत हजर आणि वर दोन बटणं. 'सगळे बदल स्वीकारा' आणि 'सगळे बदल नाकारा'. आता तुम्हीच सांगा, ते लाल लाल आपल्याला हवंय का? नकोय! नको म्हणजे नाकारा. दाबलं. रेघा गायब! इतका आनंद झाला की न वाचताच पाठवलं.

तासाभरात खुद्द साहेबांचा फोन. "वहिनी, पहिल्या अर्जात आईंचे गुडघे होते. यात गुडघेच नाहीत, नुसता चहा आहे. बरे झाले का गुडघे?"

अहो, मी नाकारलं होतं ते मुग्धाचं खोडणं आणि लिहिणं! माझं जुनं सगळं परत जागेवर, आणि गुडघे गेले!

सासूबाई शेजारीच. "कुणाचे गुडघे? माझे? परवाच देवळ्याला शेतावर जाऊन कांदा निवडून आले मी! माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

पलीकडे सगळं ऐकू गेलं. संपलं, म्हटलं, गेली बदली!

साहेब म्हणाले, "दुसराच अर्ज खरा दिसतोय. तोच वर पाठवतो. होईलच असं नाही सांगत. घ्या, यांच्याशी बोला."

आमचे हे मुळात अबोल. रोजचा फोन 'जेवलीस का'वर सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाले, "अगं... दोन्ही कप तूच पितेस?"

असं काहीतरी त्यांनी विचारावं म्हणून दोन वर्षं कान लावून बसले होते हो मी! नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

आणि मी काय म्हणाले? "दूध उतू जातंय, ठेवते!"

सासूबाई ओरडल्या, "कुठंय दूध? गॅस तरी पेटलाय का?"

अख्ख्या ऑफिसला दोनदा लेखी कळवलं, आणि नवऱ्याला तोंडी एकदा सांगता आलं नाही!