डाळजच्या ओढ्याची राखण

उजनी धरणाच्या पाण्याखाली महिपतीची चार एकर जमीन गेली, तेव्हा त्याच्याकडे साठ मेंढरं होती. चराईची रानं बुडाली तशी मेंढरंही विकावी लागली. डाळजजवळ ओढा धरणाच्या पाण्याला मिळतो, तिथंच खाली त्याचं शेत होतं. भोई लोकांनी त्याला जाळं टाकायला शिकवलं आणि ओढ्याच्या तोंडाची जागाही त्यालाच सोडली. रंगूबाई भोईण म्हणाली होती, "शेत तुजं, तर त्याच्यावरचं पाणीबी तुजंच." भिगवणच्या बाजारात मासळी विकून तिचे केस पांढरे झाले होते. तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. पंधरा वर्षं महिपतीचं घर त्या एका जागेवर चाललं.

आषाढात ओढ्याला पाणी आलं की मासा उलटा चढतो. पोट गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेलं असतं. अशा वेळी तो पळत नाही, आंधळ्यासारखा वर रेटत राहतो. मग सगळं गाव पाट्या, काठ्या, लुगडी घेऊन ओढ्यात उतरायचं. चढणीचे मासे धरणं हा तिथं सणच होता. चौऱ्याण्णव साली रंगूबाईच्या थोरल्यानं, जयवंतानं, एक मोठी रोहू दगडावर आपटली. तिच्या पोटातून पिवळी अंडी वाहत महिपतीच्या पायाशी आली. त्या दिवशी त्यानं घरी मासा शिजवू दिला नाही. जाळ्यात मासा वर्षागणिक कमी होतोय, हे सगळ्यांनाच दिसत होतं. का कमी होतोय, ते महिपतीला त्या पाण्यात दिसलं.

पुढच्या वैशाखात मच्छीमारांची बैठक भरली. महिपती बैठकीत कधी बोलत नसे. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्या धनगरांत गाभण मेंढी कुणी कापत न्हाय. दोन महिनं ओढा सोडा."

हशा पिकला. जयवंता म्हणाला, "आबा, माशाच्या लेंड्या गोळा करून खतबी इकनार का?"

पुन्हा हशा. पण महिपती खाली बसला नाही. आषाढ आणि श्रावण, हे दोन महिने ओढ्यात आणि त्याच्या तोंडाशी कुणी जाळं टाकायचं नाही, असं त्यानं मागितलं. माघी पुनवेला तोंडाशी मोठं जाळं ओढून बघायचं. मासा वाढलेला दिसला नाही, तर आपली जागा तो जयवंताला सोडणार होता. ही जागा पाण्यावरची सगळ्यात चांगली. जयवंता लगेच कबूल झाला. घरी बायकोनं, मुक्ताबाईनं, हे ऐकलं आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

आषाढ लागला. राखण म्हटल्यावर महिपतीला एकच रीत ठाऊक होती. त्यानं माळ्यावरची वाघूर काढली. मेंढरं कोंडायला मुक्कामाच्या तळाभोवती लावतात ती सुताची जाळी. ओढ्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत मेखा ठोकून त्यानं ती ताणून बांधली. आता माणूस आत जायचा नाही, म्हणून निवांत झाला. ओढ्याला पाणी आलं त्या सकाळी रंगूबाई डोक्यावर पाटी घेऊन तिथून चालली होती. ती थबकली, पाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसत सुटली. वाघरीच्या खालच्या अंगाला मासाच मासा दाटला होता. जाळीला तोंडं आपटत होता, एकही वर जात नव्हता.

हसू आवरल्यावर ती म्हणाली, "अरं धनगरा, मेंढरू कोंडून राखत्यात. मासा वाट दिऊन राखत्यात."

महिपतीच्या कानापर्यंत रक्त चढलं. गळ्याएवढ्या पाण्यात उतरून त्यानं आपल्या हातानं वाघूर कापली. बापाच्या हातची होती ती. कापलेल्या वाटेनं मासा उसळत वर गेला, इतका की त्याच्या छातीला धडका बसल्या.

कुंपण गेलं, आता राखायचं कसं? तो काठावर घोंगडं टाकून बसू लागला. पाट्या घेऊन आलेल्यांना हात जोडायचा. काही ऐकत, काही नाही. भांडण त्याला कधी जमलं नव्हतं. चौथ्या दिवशी जयवंताच एका जागी आडून जाळं टाकून गेला आणि गाबोळीनं भरलेल्या दोन रोहू आईपुढं ठेवल्या. रंगूबाईनं त्यांना हातसुद्धा लावला नाही. ओढ्याच्या तोंडाशी दाटलेला मासा तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

ती म्हणाली, "ही मासळी माज्या पाटीत न्हाय पडायची. दुसऱ्या कुनाच्याबी न्हाय."

बाजारातल्या साऱ्या बायकांना तिनं ते सांगून ठेवलं. विकली जाणार नाही ती मासळी धरून करायची काय? आठवड्यात ओढ्यावर येणारी पावलं थांबली. भादव्यात ओढा निवळला तेव्हा काठच्या लव्हाळ्यात बोटाएवढ्या पिल्लांचे ढग हलताना दिसले. महिपतीनं ते फक्त मुक्ताबाईला नेऊन दाखवलं. तिनं ओंजळ बुडवली, तर सात पिल्लं आली.

माघी पुनवेला सगळे तोंडाशी जमले. जाळं जयवंतानंच टाकायचं ठरलं, म्हणजे नंतर शंका नको. महिपती मागं उभा होता. दोघांनी दोर ओढला, जाळं येईना. जयवंता ओरडला, "बुडाला बाभळीचं खोड अडकलंय." चौघं लागले, मग आठ. जाळं काठाला आलं आणि पाणी चांदीसारखं उसळू लागलं. अर्ध्या अर्ध्या किलोच्या रोहू, कटला, आणि आणखी कायकाय. जाळ्याचा एक कोपरा फाटून किती निसटले त्याला मोजमाप नव्हतं. माणसं गुडघाभर चिखलात नाचू लागली.

जयवंता चिखलानं माखलेला महिपतीपुढं आला.

"आबा," तो म्हणाला, "जागा तुमचीच. आन् औंदा मी जाळं टाकतो त्या पल्याडच्या ओढ्यावरबी बंदी घाला."

त्या वैशाखातल्या बैठकीत डाळजच्या आसपासचे पाचही ओढे दोन महिने सोडायचे ठरले. विरोधात एकही हात वर झाला नाही.

आषाढात ओढ्याला पाणी आलं. महिपती घोंगडं खांद्यावर टाकून निघाला. काठावर बघतो तर तीसेक माणसं आधीच उभी, हात रिकामे. समोर मासा चढत होता आणि पोरीबाळी प्रत्येक उडीला टाळ्या वाजवत होत्या. शेळगावहून जयवंताचा मेहुणा चढणीच्या माशांसाठी मुद्दाम पाटी घेऊन आला होता. जयवंतानं ती पाटी पालथी घातली आणि त्यालाच तिच्यावर बसवलं.

"बस हितं आन् बघ," तो म्हणाला. "मासळीचा पावनेर घ्यायला दिवाळीनंतर ये."

महिपतीला तिथं काही कामच उरलं नव्हतं. थोडा वेळ तो मागंच उभा राहून बघत राहिला, मग हळूच वळला. भर दुपारी तो घरी आलेला बघून मुक्ताबाईनं विचारलं, "राखणीला कोण हाय?"

"समदी हायती," तो म्हणाला, आणि बाजेवर अंग टाकून पाय ताणून झोपला.