धुतलेल्या गाडीचा वास

आमचे जावई कवळ्या बनवतात. माझ्या तोंडातली कवळीही त्यांच्याच हातची, आणि ती इतकी चपखल बसली आहे की त्यांच्याविषयी वाकडं बोलताना मला संकोच वाटतो. त्यांचेच दात लावून त्यांनाच नावं ठेवायची, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखं. तरी लिहितो आहे, कारण त्यांच्या गाडीत बसून जी किळस आली ती अजून पुरती गेलेली नाही. नीट सांगता येईल की नाही, देव जाणे.

माणूस वाईट नाही. कामाच्या टेबलाशी बसले की कुणाचं ऐकत नाहीत. दातांचे डॉक्टर घाई करायला लागले तरी साचा पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाव नाही. "तोंड पेशंटचं, पण नाव माझं," असं म्हणतात. हाच माणूस गाडीपाशी गेला की इतका हलक्या कानाचा होतो, की रस्त्याने जाणारा कुणीही येऊन त्यात काहीही ओतावं.

गाडी जपानहून आलेली. तिथे कुणीतरी वापरून सोडलेली, सात माणसं बसतील एवढी. बटण दाबलं की बाजूचं दार आपोआप सरकतं. छताला काच, तीही सरकते. गाडी सुरू केली की आतून एक बाई जपानीत काहीतरी गोड बोलते. काय बोलते ते आमच्यात कुणालाच कळत नाही. पुढेपुढे मला वाटायचं, बिचारी वासाबद्दल माफी मागत असावी.

ही गाडी घेतली माझ्या मुलीच्या कामासाठी. म्हाताऱ्या, दुखणाईत माणसांना ती घरून घेते, फिजिओथेरपीच्या केंद्रात पोचवते आणि परत आणून सोडते. केंद्राशी तिने स्वतः बोलून हे काम मिळवलं होतं. पण गाडी तिची असली तरी गाडीचे लाड जावयांचे.

अशा गाड्या असणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात कुणी काही सुचवावं आणि आमच्या जावयांनी ते गाडीला लावावं. एक म्हणाला, मूळ गालिच्यावर रबराची चटई घाला. घातली. दुसरा म्हणाला, रबर पायाला चिकटतं, वर मऊ गालिचा टाका. टाकला. त्यावर पुन्हा प्लास्टिक. सीटना खोळी, खोळींवर खोळी. छताच्या कडेने आणि मागच्या खांबांवरून निळे दिवे. आत बसलं की एखाद्या स्वस्त हॉटेलच्या माशांच्या टाकीत सोडल्यासारखं वाटायचं. एवढ्या शोभेत कुणी एकाने शहाणपणाचं लिहिलं होतं, की जुन्या गाडीत काही नवीन बसवण्याआधी छताच्या काचेभोवतीची पाणी जायची भोकं आणि नळ्या बघून घ्या. त्याला ग्रुपात कुणी हिंग लावूनही विचारलं नाही.

आणि रोज सकाळी धुणं. पाइप लावून, छतापासून चाकापर्यंत. इतक्या प्रेमाने त्यांनी घरातली एक बशी विसळलेली मी पाहिली नाही.

वास सुरू झाला तेव्हा तो न वाळलेल्या टॉवेलसारखा होता. मग फुलदाणीतल्या सडक्या पाण्यासारखा झाला. त्यानंतर कशासारखा, हे जेवून बसलेल्या वाचकाला सांगणं बरं नाही. जावयांनी लिंबाची बाटली आणली. मग गुलाबाची. मग 'समुद्र' नावाची एक निळी बाटली, जिला मेलेल्या खेकड्यावर पावडर मारल्यासारखा वास होता. मूळचा वास गेला नाही, नटूनथटून बसला. मी बसलो की खिडकी उघडायला हात जायचा, आणि जावई पुढून म्हणायचे, "बाबा, काच नको, सुगंध जातो."

मुलीच्या रोजच्या मंडळींत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी एकदा गाडीत चढताचढता विचारलं, "अगं, इथे काय मेलंय?"

"काही नाही बाई, नवीन सेंट लावलाय."

"मग तोच मेलाय."

मोठ्या बाई तोंडावर बोलल्या, बाकीच्यांनी पाठीमागे केंद्रात जाऊन सांगितलं. केंद्राच्या मॅडमनी मुलीला बोलावलं. म्हणाल्या, सोमवारी मी स्वतः बसून बघते, वास असेल तर मंगळवारपासून दुसरी गाडी.

मुलगी घरी आली ती पर्स फेकूनच.

"काम गेलं तर पुन्हा मिळायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "उंबरे झिजवलेत मी त्यासाठी."

"अगं, ग्रुपवर एकाने यंत्र सांगितलंय. हवा धुऊन काढतं."

"हवा कसली धुतोस? आधी डोकं धू!"

मी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. वाचत काहीच नव्हतो. जावयाला कसं सांगणार?

रविवारी यंत्र आलं. कपाएवढा डबा, हिरवा दिवा, मधमाशीसारखी गुणगुण. परीक्षा घ्यायला जावयांनी मला धरलं. घरच्यांनी गाडीत बूट काढून बसायचं असा त्यांचा नियम, गालिचा मळतो म्हणून. मी मधल्या रांगेत बसलो. आतल्या बाईने गोड आवाजात काय ते सांगितलं, आणि काचा बंद करून आम्ही निघालो.

"काय बाबा, आहे का वास?"

"थोडासा... असावा."

"तुम्हाला सांगतो, तो आता फक्त तुमच्या मनात आहे."

माझ्या मनात त्या वेळी सकाळचा नाश्ता होता आणि तो वर यायच्या तयारीत होता. मी श्वास रोखला, पाय घट्ट रोवले, आणि तळव्याला गार लागलं. पाय उचलून पुन्हा टेकवला. पच्च असा आवाज झाला. मोजा ओला झाला होता. पाण्याने नव्हे, प्लास्टिकच्या फटीतून वर आलेल्या, पातळ खळीसारख्या बुळबुळीत कशाने तरी.

बोलायला तोंड उघडलं असतं तर नाश्ता बाहेर आला असता. म्हणून मी मोजा काढला आणि पुढे त्यांच्या हातात दिला. जावयाच्या हातात ओला मोजा द्यावा, हे कुठल्या रीतीत बसतं मला माहीत नाही.

त्यांनी तो बघितला. मग हुंगला. परक्यांच्या तोंडातून निघालेले साचे हा माणूस दिवसभर हाताळतो, एकदा नाक मुरडत नाही. त्या माणसाने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि गटारावर वाकला. मीही दुसऱ्या बाजूने वाकलो. सासरा-जावयाने एकत्र केलेलं आमचं हे पहिलंच काम.

घरी आल्यावर मुलीने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, बाह्या सारल्या आणि प्लास्टिकच्या कडेला हात घालून ओढलं. प्लास्टिकखाली गालिचा होता, काळा पडलेला, हात लावला की लगदा. त्याखाली रबर, रबराच्या पोटाला शेंबडासारखा थर. सगळ्यात खाली मूळचा जपानी गालिचा. त्याच्याखालचा फोम पिळला तर बादली भरली असती, आणि कडेने पांढऱ्या, बारीक मानेच्या अळंब्या उगवलेल्या. दाटीवाटीने, निळ्या उजेडात माना वर करून. त्यांत कुणाची तरी औषधाची गोळी फुगून वाटाण्याएवढी झाली होती. मुलगी मागे सरली.

"यात मी माणसं बसवली," ती म्हणाली. "आजारी माणसं."

जावई फोमशेजारी उकिडवे बसले.

"पाणी येतं कुठून पण?" तिने विचारलं. "गाडी धुतोस ती कुठून?"

"वरून."

मग ते उठून कामाच्या खोलीत गेले. दातांवरचा मळ दिसावा म्हणून लावतात तो लाल रंग घेऊन आले, तांब्याभर पाण्यात कालवला. शिडीवर चढून छताच्या काचेभोवतीच्या पन्हाळीत ओतला. तिथे कोपऱ्यात भोक असतं. त्यातून पाणी नळीने खांबाच्या पोटातून खाली जातं आणि गाडीबाहेर पडतं. गाडीखाली चार थेंब पडले, तेवढेच. बाकीचं लाल पाणी मागच्या खांबावर, निळ्या दिव्याच्या स्क्रूभोवती फुटलं आणि ओघळत गालिच्याच्या जागी उतरलं. स्क्रू थेट नळीत गेला होता. म्हणजे ज्या दिवशी दिवे लागले त्या दिवसापासून रोजची ही आंघोळ गाडीच्या पोटात जात होती. जितकी धुवावी तितकी सडत होती.

"हा स्क्रू कुणी मारला?"

"ग्रुपवर एकाने..."

"स्क्रूड्रायव्हरवर ग्रुपचा हात होता?"

दिवे निघाले, खोळी निघाल्या, गालिचे आणि फोम निघाले, बाटल्या कचऱ्यात गेल्या, हिरव्या दिव्याचं यंत्रही. नळीचा फाटका भाग कापून जावयांनी नवा जोडला, आणि मला कबूल केलं पाहिजे, जोड कवळीइतका नेमका होता. खालचा पत्रा गरम पाण्याने घासला. मीही घासला. हाताला लागलेलं साबणाने निघालं, पण नाकातलं निघेना.

सोमवारी गाडीत पायाखाली नुसता उघडा पत्रा होता. मॅडम येऊन मधल्या रांगेत बसल्या, दार सरकवून घेतलं आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मुलगी बाहेर उभी, ओठ दाताखाली धरून.

"वास नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हा पत्रा?"

"नवीन गालिचा पूर्ण कोरडं झाल्याशिवाय घालणार नाही."

मॅडमनी फेरीसाठी बाहेर थांबलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या काठी टेकत आत चढल्या आणि म्हणाल्या, "डब्यात बसल्यासारखं वाटतंय. पण श्वास घेता येतोय. चला."

काम राहिलं.

संध्याकाळी जावयांनी किल्ली मागितली, उद्या धुवायला.

"किल्ली माझ्याकडे राहील," मुलगी म्हणाली. "धुवायचं मी बघते."

"मग मी काय करू?"

"ग्रुपवर लिही. स्क्रू कुठे मारू नये ते."

त्यांनी लिहिलं, फोटोंसकट. नेमके जेवायच्या वेळी लिहायला बसले, आणि पाठवण्याआधी अळंब्यांचा फोटो माझ्यापुढे धरला. "बाबा, नीट दिसतंय ना?"

नीट दिसत होतं. मी ताट सरकवून उठलो.