कोवळी गाजरं

पाऊस सरल्यावर माळीणआजींनी शाळेच्या परसात पोरांकडून गाजरं पेरून घेतली. डब्यातली भाजी टाकणारी पोरं स्वतः पिकवलेलं तरी खातील, एवढीच त्यांची आस. पण वाढ बघायला पोरं रोज एखादं रोप उपटत. आजी ओरडत, “मेल्यांनो, तुम्हाला कोणी रोज उपटून बघतं का?”

आता गाड्या उभ्या करायला शाळेला ती जागा हवी होती. उद्या जमीन सपाट करायला यंत्र येणार होतं. पोरांना हे सांगायला आजींची जीभ रेटेना. त्या एवढंच म्हणाल्या, “आज उपटा सगळी. खाऊन टाका.”

पोरं जागची हलली नाहीत. एका चिमुरडीने उघड्या पडलेल्या गाजरावर माती ओढली आणि आजींनाच समजावलं, “धीर धरा, आजी. अजून बोटाएवढीसुद्धा नाहीत.”

आजींनी झारी भरली आणि सगळ्या ओळींना पाणी घातलं.